न वाचायचं उत्तर

माउलींच्या पादुका २०२० साली एसटीने पंढरपूरला गेल्या. १३ जूनला आळंदीत मोजक्या माणसांत प्रस्थान झालं, पादुका आजोळघरी थांबल्या आणि ३० जूनला फुलांनी सजवलेल्या बसमधून निघाल्या. करोनामुळे पायी वारी नव्हती, हे सगळ्यांना आठवत असेल. मला लिहायचंय ते त्या मधल्या सतरा दिवसांबद्दल, पण पादुकांबद्दल नाही. त्या दिवसांत आळंदीहून पंचवीस-तीस किलोमीटरवर, इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, तळेगावच्या नावानं चिनी कंपन्यांशी करार झाले आणि आठवड्याच्या आत लटकले. पुढच्या महिन्यात देशभरातल्या बारा हजार माणसांना फोन करून चीनबद्दल विचारण्यात आलं. परक्या देशाविषयी लोकांना काय वाटतं ते मोजतात कसं, आणि मोजलं जातं ते नेमकं काय, हे पाहायला आमच्या पट्ट्यात याहून जवळचा दाखला नाही. कागद बरेच आहेत. ते तारखेनं लावून बघू.

पहिला कागद १७ एप्रिल २०२० चा. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाची प्रेस नोट क्रमांक ३. ज्या देशांची जमिनीवरची सीमा भारताला लागते, तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला यापुढे सरकारची आगाऊ परवानगी लागेल, असं तीत आहे. चीनचं नाव कुठेही नाही. नेपाळ-भूतानकडून कारखाने विकत घ्यायला कोणी येत नव्हतं, तेव्हा रोख कुणावर होता ते उघड होतं.

दुसरा १५ जूनचा. ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०’ या नावाखाली राज्य सरकारनं बारा सामंजस्य करार केले, एकूण सोळा हजार कोटींच्या वर. टाळेबंदी असल्यानं सगळे पडद्यावरच भेटले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते, चीनचे राजदूत सुन वेइडोंग होते. यातले तीन करार चीनशी जोडलेले आणि तिन्ही तळेगावचे. ग्रेट वॉल मोटर्सचा ३,७७० कोटींचा, फोटॉनच्या भागीदारीतल्या पीएमआयचा १,००० कोटींचा, हेंगली इंजिनिअरिंगचा २५० कोटींचा. ग्रेट वॉलनं तळेगावातला जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचं जानेवारीतच ठरवलं होतं. २००८ साली उघडलेला हा कारखाना. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, तेव्हापासून तिथे फक्त परदेशी जाणाऱ्या गाड्या बनत होत्या. करारात रोजगाराचे आकडे दिलेत: ग्रेट वॉल २,०४२, पीएमआय १,५००, हेंगली १५०.

त्याच रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली. वीस जवान गेल्याचं १६ तारखेला कळलं. आठवडा पुरा व्हायच्या आत उद्योगमंत्री सुभाष देसाईंनी सांगितलं की हे करार चकमकीच्या आधीचे आहेत, आणि केंद्राशी बोलून ते थांबवले आहेत. रद्द नाहीत, ‘जैसे थे’. २९ जूनला केंद्रानं ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी आळंदीतून एसटी सुटली.

तारखा लावून झाल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. परवानगीची अट, कराराला स्थगिती, ॲपबंदी ही सगळी कामं उरकली तोवर लोकांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. विचारणारे आले ते १५ ते ३१ जुलैच्या दरम्यान. ‘इंडिया टुडे’साठी कार्वी इन्साइट्सनं केलेल्या ‘मूड ऑफ द नेशन’ सर्वेक्षणाचा हा काळ. निकाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आले. चीनशी युद्ध करावं म्हणणारे ५९ टक्के. युद्ध झालं तर आपण जिंकू म्हणणारे ७२ टक्के. चिनी मालावर बहिष्कार हवा म्हणणारे ९० टक्के. चिनी नसलेल्या वस्तूला जास्त पैसे मोजायची तयारी दाखवणारे ६७ टक्के. सरकारनं चीनला चोख उत्तर दिलं असं मानणारे ६९ टक्के.

हे आकडे तेव्हा मथळ्यांतून सुटे सुटे फिरले. एकत्र वाचले की त्यांची उतरंड दिसते. बहिष्कार हवा म्हणणाऱ्या नव्वदांपैकी तेवीस खिशाला हात लावायची वेळ येताच गळाले, आणि तेही नुसतं तोंडानं बोलायचं असताना. प्रत्यक्ष खरेदीचा हिशोब वाणिज्य मंत्रालयाच्या तक्त्यात आहे. चीनमधून भारतात आलेला माल २०१९-२० मध्ये सुमारे ६५ अब्ज डॉलरचा, २०२०-२१ मध्येही जवळपास तेवढाच, २०२१-२२ मध्ये ९४ अब्जांच्या पुढे आणि २०२३-२४ मध्ये १०० अब्ज ओलांडून. म्हणून लोक खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. त्या आयातीतला मोठा भाग घरात येणारा नसतोच. तो औषधांच्या कच्च्या मालाचा, मोबाईलच्या सुट्या भागांचा, यंत्रांचा असतो. चाकण-तळेगावच्या कारखान्यांच्या मागच्या दारानं आत येणारा. सर्वेक्षणानं गिऱ्हाइकाला विचारलं. खरेदी अधिकाऱ्याला विचारलं नाही.

आणखी एक बाब कागदावर आहे, पण सहसा वाचली जात नाही. हे सर्वेक्षण एरवी समोरासमोर बसून होतं, त्या वर्षी करोनामुळे फोनवर झालं. १२,०२१ माणसं, १९ राज्यं, ९७ लोकसभा मतदारसंघ. दोनतृतीयांश ग्रामीण, एकतृतीयांश शहरी. पद्धतीच्या या चार ओळी आकड्यांच्या खाली बारीक टाइपात असतात. जुलै २०२० मध्ये आमच्या पट्ट्यात फोन कोण उचलत होतं? मे महिन्यात श्रमिक गाड्या भरून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडे गेलेले कामगार अजून पुरते परतले नव्हते. केळगाव, मरकळ, कुरुळीच्या खोल्यांना कुलपं होती. गावी बसून फोन उचलणारा चाकणचा कामगार शहरी धरायचा की ग्रामीण? महाराष्ट्राचा की बिहारचा? सर्वेक्षणवाल्यांचा यात दोष नाही. माणूसच दोन ठिकाणी राहतो आणि रकाना एकच असतो.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्रानंही चीनविषयीची मतं गोळा केली, १० जून ते ३ ऑगस्ट २०२० या काळात. १४ देश, १४,२७६ माणसं, सगळं फोनवर. यादी अमेरिका, जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा श्रीमंत देशांची. तीत भारत नाही. म्हणजे गलवानच्या ऐन उन्हाळ्यात जगभराच्या चीनविषयक मतांचा जो सर्वांत नावाजलेला तक्ता निघाला, त्यात गलवानची एक बाजू असलेल्या देशाची ओळच नव्हती.

फोन नव्हते तेव्हा हे काम कसं व्हायचं त्याचेही कागद आहेत, आणि मला तरी ते आजच्यापेक्षा रंजक वाटतात. मुंबई सरकारचं एक भाषांतर खातं होतं. इलाख्यात निघणारी देशी वर्तमानपत्रं तिथे दर आठवड्याला वाचली जात, त्यांतले उतारे इंग्रजीत करून गोपनीय अहवाल छापला जाई. हे अहवाल मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही बघायला मिळतात. सोबत वर्तमानपत्रांची यादी असे: नाव, गाव, साप्ताहिक की दैनिक, संपादकाचं नाव, त्याची जात, त्याचं वय, आणि खप. आजच्या सर्वेक्षणाच्या शेवटी येणारा वय-शिक्षण-उत्पन्नाचा तक्ता आणि हा तक्ता भावंडं शोभतील. फरक एवढाच की तेव्हा हजारो वाचकांच्या वतीनं एका संपादकाची जात आणि वय लिहून काम भागत होतं.

१९०४-०५ मध्ये या यंत्रणेपुढे एक परका देश आला, जपान. फेब्रुवारी १९०४ मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं, मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपाननं रशियाचं आरमार बुडवलं, सप्टेंबरमध्ये तह झाला. पुण्याच्या ‘केसरी’त आणि शिवराम महादेव परांजप्यांच्या ‘काळ’मध्ये जपानचं कौतुक मावत नव्हतं. भाषांतरकारानं ते उतारे इमानानं काढले. पण त्या कौतुकात सरकारला कसलं स्वारस्य? टोकियोविषयी पुणेकरांना काय वाटतं याची चिंता मुंबईच्या सचिवालयाला कशाला असेल? आशियातला एक देश युरोपातल्या एका बलाढ्य साम्राज्याला हरवतो याचा आनंद वाचताना सरकार स्वतःबद्दलचं मत वाचत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. ती होळी आणि जपानचं कौतुक एकाच वाऱ्यावर आलेलं. तीन वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची आणि परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, दोघांनाही आपापल्या लेखांसाठी.

हा धागा मला महत्त्वाचा वाटतो. परक्या देशाविषयीचा प्रश्न क्वचितच फक्त त्या देशाविषयीचा असतो. २०२० च्या प्रश्नावलीत ‘चीन’ आणि ‘सरकारनं चोख उत्तर दिलं का’ हे दोन्ही प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देणारा दुसऱ्याची तयारी करत असतो. आधी काय विचारलं, नंतर काय, यानं उत्तर सरकतं, हे या धंद्यातली मंडळी जाणतात. म्हणून काळजी घेणाऱ्या संस्था प्रश्नांचा क्रमही जाहीर करतात. मथळा लिहिणाऱ्याला क्रमाशी कर्तव्य नसतं.

जपानबद्दलच्या त्या भावनेचं एक मोजमाप तळेगावातच उभं राहिलं होतं, सरकारी अहवालाच्या बाहेर. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला: दर माणशी वर्षाला एक पैसा, आणि त्यातून देशी उद्योग. टिळकांनी तो उचलून धरला. १९०८ मध्ये तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला आणि चालवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले. हे गृहस्थ काचकाम शिकायला आधी जपानला आणि मग अमेरिकेत जाऊन आलेले. अग्रलेखातला जपान वाचून टाळ्या वाजवणं निराळं, आणि जपानात शिकून आलेल्या माणसाच्या भट्टीसाठी पैसा काढून देणं निराळं. तो पैसा देणाऱ्याला जपान नकाशावर दाखवता आला असता की नाही, कोण जाणे. त्याला बांगडी आणि दिव्याची काच कळत होती. परक्या देशाबद्दलचं मत अशा हाताशी आलेल्या वस्तूवर बसतं. तळेगावला त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत परदेशी कारखान्यांची सवय झाली. सुरुवात मात्र या देशी काचेपासून, आणि तीतही परदेशी शिकलेलं कसब होतं.

थोडं आडवाटेनं जातो. देशांबद्दलची मतं भाषेत किती काळ टिकतात पाहा. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मन’चं पातेलं म्हणतात, कुठे ‘जर्मल’ म्हणतात. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाच्या मिश्रधातूवरून हे आलं, त्यात चांदी नव्हती आणि पातेल्यात तो मिश्रधातूही नाही. स्वस्त, हलकं, पितळेची सर नसलेलं भांडं, एवढाच त्याचा अर्थ. त्याच घरातला मुलगा चाकणला फोक्सवॅगनमध्ये लागला की ‘जर्मन कंपनी’ म्हणताना आईचा सूर वेगळा असतो. ‘मिलो’ म्हटलं की बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या तोंडाची चव जाते. रेशनवरची ती लाल ज्वारी अमेरिकेची होती. अमेरिकेबद्दल विचारलंत तर तो कदाचित चांगलंच बोलेल. आणि ‘चायना’ हे तर विशेषण झालंय. दुकानदार सांगतो, चायनाचं आहे, गॅरंटी नाही. यात सरहद्द नाही, राजकारण नाही, फक्त प्लॅस्टिक आहे. आता कुणी दारात येऊन विचारलं, ‘चीनबद्दल तुमचं मत कितपत चांगलं आहे?’, तर समोरचा माणूस कशाबद्दल बोलणार? तिथल्या सरकारबद्दल, लोकांबद्दल, सैन्याबद्दल, की परवा बंद पडलेल्या चार्जरबद्दल? प्रश्नात एकच शब्द असतो, उत्तर देणाऱ्याच्या मनात चार.

चीन नेहमीच असा नव्हता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. मराठी घरांत चीनची ओळख झाली ती या सोलापूरच्या डॉक्टरामुळे. त्या ओळखीचं पुढे काय झालं हे मोजायला तोवर एक संस्था तयार झाली होती. एरिक दा कोस्टांनी दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन काढली आणि १९५५ पासून तिचं मासिक पत्रक निघू लागलं. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान यांच्याविषयीचं मत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. बासष्टच्या युद्धानंतर चीनबद्दलचा आलेख कोसळलेला त्यात दिसतो. तो खराच आहे, फक्त तो चार शहरांचा आहे. त्या आलेखात मराठी बोलणारा माणूस असेल तर मुंबईचा. आमच्या खेड तालुक्यातला नाही. भाषांतर खात्याच्या काळी संपादक हाताशी होता म्हणून त्याला मोजलं, पन्नास-साठच्या दशकांत महानगरी माणूस हाताशी होता म्हणून त्याला, आणि २०२० मध्ये फोन उचलणाऱ्याला.

त्याच सुमारास हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकानं वेगळा घाट घातला. त्याच्या १९६५ मध्ये निघालेल्या ‘द पॅटर्न ऑफ ह्यूमन कन्सर्न्स’मध्ये भारतातल्या १९६२ सालच्या मुलाखती आहेत. त्यानं देशांची नावं पुढे केली नाहीत. तुम्हाला आयुष्यात काय हवंय, कशाची भीती वाटते, असं मोकळं विचारलं आणि पायऱ्यांची शिडी दाखवून शून्य ते दहामध्ये स्वतःला कुठे ठेवता ते सांगायला लावलं. लोक बोलले ते पोटापाण्याबद्दल, जमिनीबद्दल, कामाबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल. देशाचं नाव घेऊन विचारलं की मत मिळतं. न घेता विचारलं की जगणं मिळतं. दोन्ही खरं आहे, पण वर्तमानपत्राला पहिलंच लागतं.

उपकरणं पुढे बारीक झाली. ऑस्ट्रेलियाच्या लोवी इन्स्टिट्यूटनं २०१२ च्या ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये १,२३३ भारतीयांना समोर बसवून विचारलं. त्यात तापमापक होता: शून्य म्हणजे गार, शंभर म्हणजे ऊब, प्रत्येक देशाला अंश द्या. अमेरिकेला सरासरी ६२ मिळाले, पाकिस्तानला २०, चीनला ४४. त्याच माणसांपैकी ८३ टक्क्यांनी चीनपासून धोका आहे असंही सांगितलं. एकाच देशाचा धोका वाटतो आणि तापमापक मात्र निम्म्याच्या किंचितच खाली. विसंगती वाटते, पण घराशेजारी राहणाऱ्या तालेवार भाऊबंदाबद्दल गावात विचारून पाहा. असंच उत्तर येईल.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या तक्त्याकडे येतो. प्यू भारतात बरीच वर्षं घरोघर जाऊन विचारतं; प्रश्नावली मराठीतही असते. चीनविषयी चार पर्याय: मत फारच चांगलं, बऱ्यापैकी चांगलं, बऱ्यापैकी वाईट, फारच वाईट. पहिले दोन एकत्र, शेवटचे दोन एकत्र करून आकडा छापतात. २०१५ मध्ये चांगलं म्हणणारे ४१ टक्के होते. २०१७ मध्ये चांगलं २६, वाईट ४१. हे विचारलं गेलं डोकलामच्या सीमातंट्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१९ मध्ये चांगलं २३, वाईट ४६. मग करोना, गलवान, ॲपबंदी. पुन्हा २५ मार्च ते ११ मे २०२३ या काळात २,६११ जणांना विचारलं तेव्हा वाईट ६७. त्यातले निम्म्याहून बरेच अधिक, एकंदर उत्तरांच्या हिशोबात ५० टक्के, ‘फारच वाईट’ म्हणणारे.

मथळे झाले: चीनबद्दल नाराजी चार वर्षांत २१ टक्क्यांनी वाढली. बरोबर आहे. पण ती आली कुठून? साधी समजूत अशी की ज्यांना चीन आवडत होता त्यांचं मन फिरलं. तक्ता तसं म्हणत नाही. चांगलं म्हणणारे २०१७ मध्ये चौथा हिस्सा होते, २०१९ मध्ये चौथ्याच्या आसपास आणि २०२३ मध्येही चौथ्याच्याच आसपास. ते हलले नाहीत. मग शंभरातून वजाबाकी करून पाहा. २०१७ मध्ये २६ आणि ४१ मिळून ६७, उरले ३३. २०१९ मध्ये २३ आणि ४६ मिळून ६९; उरले ३१. २०२३ मध्ये उरले ते दहाच्या आत. जवळजवळ एकतृतीयांश भारत चीनबद्दल ‘सांगता येत नाही’ म्हणत होता; त्यातल्या बहुतेकांना चार वर्षांत मत आलं.

इथे थोडं जपून बोललं पाहिजे. तीच माणसं पुन्हा विचारलेली नाहीत. दर वेळी नवा नमुना. तेव्हा चांगलं म्हणणारे काहीजण वाईटाकडे गेले आणि गप्प असणारे काहीजण चांगल्याकडे आले, असंही घडलं असेल. तक्त्याला तेवढं आतलं दिसत नाही. पण एकूण ओघ कुठून कुठे गेला, यात मला शंका नाही. गलवाननं चीनचे मित्र फार तोडले नाहीत. ज्यांना या विषयाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना त्यानं मत दिलं.

त्या ‘सांगता येत नाही’ची गंमत प्रश्नावलीतच आहे. चार पर्यायांखाली पाचवी ओळ असते, माहीत नाही किंवा उत्तर नाकारलं, आणि तिच्यापुढे मुलाखत घेणाऱ्यासाठी सूचना: हे वाचू नये. चार पर्याय मोठ्यानं वाचायचे, पाचवा फक्त समोरच्यानं आपणहून म्हटलं तरच टिपायचा. कारण सरळ आहे. तो पर्याय वाचून दाखवला की माणूस विचार करण्याऐवजी त्याच्या आडोशाला जातो. पण याचा अर्थ असाही होतो की २०१९ पर्यंत भारतात दर तिघांतला एक माणूस, समोर चार तयार उत्तरं असताना, कुणी न सुचवता, परक्या माणसासमोर ‘मला नाही सांगता येत’ म्हणत होता. यात पुष्कळशा बायका असतात, कमी शिकलेले असतात, असा या धंद्याचा जुना अनुभव आहे. त्याला अज्ञान म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे. मला ते उत्तरांमधलं सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतं.

हे सर्व्हेवाले आळंदीत येतील का? हिशोब करून पाहिला. समजा २,६११ माणसं दर ठिकाणी दहा या प्रमाणे विचारली, तर ठिकाणं झाली दोनशे साठ. २०११ च्या जनगणनेत देश १२१ कोटींचा, म्हणजे साधारण ४६ लाख माणसांमागे एक ठिकाण. आळंदी नगरपरिषदेची तेव्हाची वस्ती सुमारे २८ हजार. लोकसंख्येच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकल्या तर दर एकशे साठ पाहण्यांमध्ये एखादी आळंदीवर यावी. वर्षाला एक पाहणी धरली तरी एकशे साठ वर्षांचा मामला. महाराष्ट्राच्या वाट्याला या नमुन्यातली अडीचशेच्या आत माणसं येतात, आणि तेवढ्यांवर काढलेला आकडा सहा टक्के इकडे किंवा सहा टक्के तिकडे झुलू शकतो. म्हणून ‘महाराष्ट्राला चीनबद्दल काय वाटतं’ असं कुणी अशा राष्ट्रीय पाहणीवरून छातीठोक सांगू लागला तर त्याला आधी नमुना विचारावा.

आणि चिठ्ठी आलीच, तरी आळंदीत दार कुणाचं वाजवणार? घरांची यादी करायची, त्यातून घर निवडायचं, घरातल्या प्रौढांची यादी करून तक्त्यानुसार एकाला निवडायचं, अशी ही पद्धत. तो घरी नसेल तर पुन्हा यायचं. शेजारच्याला धरायचं नाही. आळंदीत घर म्हणजे काय, इथपासून सुरुवात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतली आणि तिच्यानंतर गावभर झालेल्या संस्थांमधली मुलं वसतिगृहात राहतात, ती सहसा अशा यादीबाहेर. धर्मशाळेतला मुक्कामी यादीबाहेर. कार्तिकीला घाटावर उतरलेले लाखो लोक यादीबाहेर. मरकळ-धानोऱ्याच्या कारखान्यांत पाळी करणारी चार-सहा पोरं एका खोलीत, दिवसा झोपलेली. त्यांतला निवडलेला नेमका रात्रपाळीला. गावात कुठल्याही क्षणी असलेल्या माणसांचा मोठा भाग असा चाळणीतून खाली पडतो. वर राहतो तो पिढीजात आळंदीकर, दुपारी घरी असलेला.

तळेगावची गोष्ट एवढ्यात पुरी करतो. जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची गाडी २४ डिसेंबर २०२० ला निघाली. ग्रेट वॉलला केंद्राची परवानगी मिळाली नाही. एप्रिलच्या त्या प्रेस नोटेतलं कलम शेवटपर्यंत आडवं राहिलं. हजाराहून अधिक कामगारांचा झगडा आंदोलनांतून आणि कोर्टांतून चालू राहिला. मागणी नोकरीची आणि देण्याघेण्याची होती, कुठल्या देशाची नव्हती. कारखाना घेणारा चिनी होता म्हणून त्यांची नोकरी अडली होती. चीनबद्दल मत विचारलं असतं तर त्यांनी चारपैकी कुठलं उत्तर निवडलं असतं, ते मला सांगता येत नाही.

विक्रीच्या कराराची मुदत ३० जून २०२२ ला संपली आणि तो बारगळला. पादुका बसनं गेल्या त्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. पालखी दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पायी निघालेली होती, पंढरीच्या वाटेवर. कारखाना १६ ऑगस्ट २०२३ च्या करारानं ह्युंदाईकडे गेला.